डाव खलनायकाचा, दुरावा नात्यातला

सुपरहिरो कॉमिकची गोष्ट बहुधा खलनायकाच्या डावाने सुरू होते. कुणी शहर वेठीला धरतो, कुणी प्रयोगशाळेतून जीवघेणे रसायन पळवतो. पण वर्षानुवर्षे दर महिन्याला तेच मासिक विकत घेणारा वाचक फक्त त्या डावासाठी येत नाही. नायकाचे प्रेयसीशी पुन्हा बोलणे सुरू झाले का, मित्राच्या मनातली अढी गेली का, घरातल्या आजारी माणसाचे काय झाले, याचीही त्याला ओढ असते. खलनायक पकडला गेला की अंक संपतो, घरातली गोष्ट मात्र पुढच्या महिन्यावर जाते. या दोन धाग्यांची एकच वीण घालण्याची कला अमेरिकी कॉमिकमध्ये हळूहळू घडली आणि तिचे सर्वात चांगले उदाहरण आहे स्पायडर-मॅन.

सुरुवातीला हे धागे वेगवेगळेच होते. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांचा सुपरमॅन जून १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला, तेव्हा लोइस लेन त्याच अंकात हजर होती. ती बुजऱ्या क्लार्क केंटला हिणवते आणि सुपरमॅनकडे ओढली जाते. दोघे एकच आहेत हे वाचकाला ठाऊक असते, तिला नसते. कल्पना इतकी पक्की होती की पुढे असंख्य लेखकांनी ती उचलली. पण अनेक दशके ती जागची हललीच नाही. लोइसने संकटात सापडायचे, सुपरमॅनने सोडवायचे, आणि पुढच्या महिन्यात पाटी पुन्हा कोरी. दोघांचे लग्न लागायला १९९६ साल उजाडले.

नात्यातला ताण चित्रात कसा पकडायचा, हे कॉमिक शिकले ते दुसऱ्याच शाळेत. 'कॅप्टन अमेरिका' निर्माण करणाऱ्या जो सायमन आणि जॅक कर्बी या जोडीनेच १९४७ मध्ये 'यंग रोमान्स' हे प्रेमकथांचे मासिक काढले. महायुद्धानंतर मुखवटेधारी वीरांची मागणी ओसरली होती, प्रेमकथांची मासिके मात्र भराभर निघू लागली. अनेक चित्रकारांनी वर्षानुवर्षे तीच कामे केली. दारात थबकलेली मुलगी, दुसऱ्याबरोबर निघालेल्या प्रियकराकडे टाकलेला कटाक्ष, ओठांवर येऊन परतलेले वाक्य हे सगळे चार-सहा चौकटींत कसे बसवायचे, याचा हात त्यांना तिथे बसला. १९६१ मध्ये स्टॅन ली आणि कर्बी यांनी 'फँटास्टिक फोर' सुरू केले आणि एका घरातली माणसे भांडावी तसे आपसात भांडणारे वीर वाचकांपुढे आणले.

ऑगस्ट १९६२ च्या 'अमेझिंग फँटसी'च्या पंधराव्या अंकात ली आणि स्टीव्ह डिटको यांचा स्पायडर-मॅन आला. पीटर पार्कर हा काका-काकूंनी वाढवलेला पोरका, अभ्यासू, एकलकोंडा मुलगा. अंगात शक्ती आल्यावर समोरून पळणाऱ्या चोराला तो 'मला काय त्याचे' म्हणून जाऊ देतो आणि तोच चोर पुढे बेन काकांचा खून करतो. म्हणजे नायकाची पहिली मोठी चूक घरातल्या माणसाच्या जिवावर बेतली. पुढच्या सगळ्या गोष्टींचे बीज इथे आहे. पीटरने गुन्हेगाराकडे पाठ फिरवली तर माणूस मरतो, आणि गुन्हेगाराच्या मागे धावला तर घरचे दुरावतात.

पीटरची पहिली खरी मैत्रीण बेटी ब्रँट ही 'डेली ब्यूगल' या वर्तमानपत्राचे संपादक जे. जोना जेमसन यांची सेक्रेटरी. पीटर तिथेच स्पायडर-मॅनची, म्हणजे स्वतःचीच, छायाचित्रे विकून घर चालवतो. स्पायडर-मॅनच्या स्वतंत्र मासिकाच्या, १९६४ मधल्या अकराव्या अंकात कळते की बेटीचा वकील भाऊ एका गुंडाच्या कर्जात अडकला आहे, आणि त्या गुंडाला तुरुंगातून पळवण्याचे काम डॉक्टर ऑक्टोपस या खलनायकाने अंगावर घेतले आहे. झटापटीत भाऊ मरतो. त्यानंतर बेटीला स्पायडर-मॅन डोळ्यांसमोरही नको होतो. तिला आपले गुपित सांगायच्या बेतात आलेल्या पीटरची वाट तिथेच बंद होते.

या पद्धतीचा कळस अंक ३१ ते ३३ मध्ये, म्हणजे १९६५ च्या अखेरीस आणि १९६६ च्या आरंभी दिसतो. मे काकू अत्यवस्थ आहेत. डॉक्टरांना त्यांच्या रक्तात किरणोत्सारी अंश सापडतो. तो पीटरच्याच रक्ताचा, कारण पूर्वी एका आजारपणात त्याने त्यांना रक्त दिले होते. प्रेमाने केलेली गोष्टच काकूंच्या जिवावर उठली आहे. उपाय म्हणून लागणारे दुर्मीळ रसायन 'मास्टर प्लॅनर' नावाच्या गुन्हेगाराची माणसे पळवतात, आणि हा मास्टर प्लॅनर डॉक्टर ऑक्टोपसच निघतो. त्याला मे काकूंचे काहीच पडलेले नाही, ते रसायन त्याला स्वतःच्या प्रयोगांसाठी हवे आहे. त्याला पत्ताही नसताना त्याचा डाव एका घराच्या वर्मावर बसतो.

बत्तिसाव्या अंकाच्या शेवटी पीटर पाण्याखालच्या अड्ड्यात एका अजस्र यंत्राखाली चिरडला जाताना दिसतो. औषधाची डबी समोरच पडली आहे, पण हात पुरत नाही, आणि छतातून पाणी गळू लागले आहे. तेहतिसाव्या अंकात डिटको या एका प्रसंगाला पाने बहाल करतो. आधी लहान चौकटी आणि यंत्राखाली दबलेले शरीर, मग बेन काकांची आणि मे काकूंची आठवण, मग थोडे उचललेले खांदे. चौकटी मोठ्या होत जातात आणि अखेर अख्ख्या पानभर एकच चित्र येते: यंत्र फेकून देणारा स्पायडर-मॅन. तेवढ्या पानांत खलनायक कुठेच नाही.

मे काकू वाचतात, पण हिशेब तिथे मिटत नाही. ज्या दिवसांत पीटर रुग्णालयाच्या खेपा घालत होता, त्याच दिवसांत त्याचे कॉलेज सुरू झाले होते. काळजीत बुडालेल्या पीटरचे कुणाकडे लक्षच नसते, आणि वर्गातली ग्वेन स्टेसी आणि हॅरी ऑसबोर्न त्याला शिष्ट ठरवतात. तिकडे बेटी त्याचा ठेचाळलेला चेहरा पाहते, तिला भावाचा शेवट आठवतो, आणि ती त्याच्यापासून दूर निघून जाते. त्याच विजयामुळे पीटरच्या हातून एक माणूस निसटते. सुपरहिरो कॉमिकमध्ये इतकी घट्ट वीण क्वचितच पाहायला मिळते.

अडतिसाव्या अंकानंतर डिटकोने मासिक सोडले आणि जॉन रोमिटा आला. बरीच वर्षे डीसी कंपनीच्या प्रेमकथा रंगवलेला हा चित्रकार. त्याच्या हाताखाली पात्रे देखणी झाली, कॉफीच्या टेबलाभोवतीचे प्रसंग वाढले. शेजारच्या ॲना वॉटसन यांची भाची मेरी जेन ही चांगली मुलगी आहे, एकदा भेट तरी, असा लकडा मे काकूंनी १९६४ पासून लावला होता, आणि सांगून आलेले स्थळ टाळावे तसा पीटर तिला टाळत होता. नोव्हेंबर १९६६ च्या बेचाळिसाव्या अंकाच्या अखेरच्या चौकटीत रोमिटाने तिचा चेहरा प्रथम दाखवला आणि पीटर अवाक झाला.

त्याआधीच, एकोणचाळिसाव्या अंकात, दुसरा पडदा उघडला होता: ग्रीन गॉब्लिन हा खलनायक म्हणजे आता पीटरचा मित्र झालेल्या हॅरीचेच वडील, नॉर्मन ऑसबोर्न. स्मृती गेल्याने नॉर्मन आपले दुसरे रूप विसरतो, पण पीटर विसरू शकत नाही. मित्राच्या घरी जेवायला जाताना समोर बसलेला माणूस कधीही खुनी होईल, हे एकट्याने जाणायचे आणि मित्राला सांगायचे नाही. १९७० मधल्या नव्वदाव्या अंकात, तोवर पीटरची प्रेयसी झालेल्या ग्वेनचे वडील, कॅप्टन स्टेसी, एका मुलाला वाचवताना ढिगाऱ्याखाली मरतात. ग्वेन दोष देते स्पायडर-मॅनला आणि आधार शोधते पीटरजवळ.

जून १९७३ च्या १२१ व्या अंकात ही टांगती तलवार कोसळली. लेखक गेरी कॉनवे तेव्हा अवघ्या विशीत होता, चित्रे गिल केनची. गॉब्लिन ग्वेनला पळवून पुलावर नेतो आणि खाली ढकलतो. स्पायडर-मॅनचे जाळे तिला वेळेत पकडते, पण तिच्या मानेजवळ बारीक अक्षरांत हाड मोडल्याचा आवाज छापलेला आहे. कशामुळे गेली ती? पडण्याने, की जाळ्याच्या हिसक्याने? त्यानंतर नायकाच्या प्रेमाची माणसे सुरक्षित आहेत असा भरवसा वाचकाला राहिला नाही.

पुढच्या अंकाचे शेवटचे पान त्याहून मोलाचे आहे. दुःखाने सैरभैर झालेला पीटर सांत्वनाला आलेल्या मेरी जेनला लागेल असे बोलतो. ती दाराशी जाते, थांबते, डोळे पुसते आणि दार आतून लावून घेते. ती थांबली आहे. गॉब्लिनच्या मृत्यूपेक्षा या मूक चौकटी अधिक लक्षात राहतात.

काही कथांत तर डाव आणि नाते वेगळे काढताच येत नाहीत. १९७५ मध्ये उघड झाले की जॅकल हा खलनायक म्हणजे ग्वेनवर मनोमन प्रेम करणारा तिचा प्राध्यापक माइल्स वॉरन, आणि त्याने तिची प्रतिकृतीच तयार केली आहे. १९८० मध्ये क्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांच्या 'एक्स-मेन'मध्ये मास्टरमाइंड हा मायावी जीन ग्रेच्या मनात खोट्या गतजन्माच्या आठवणी पेरून तिला आपल्या प्रेमात पाडतो. त्यातून तिची शक्ती बेलगाम होते आणि शेवटी प्रियकर स्कॉटच्या डोळ्यांदेखत ती मरण पत्करते.

या तंत्राची काळी बाजूही आहे. नायकाला पेटवण्यासाठी त्याची प्रेयसी मारायची, हा पुढे सोपा मार्ग झाला. १९९४ मध्ये ग्रीन लँटर्नच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबलेले दाखवले गेले. लेखिका गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये अशा बळी गेलेल्या स्त्री पात्रांची यादीच मांडली. त्यांचा आक्षेप रास्त होता. ग्वेनच्या मृत्यूमागे नव्वदएक अंकांचा सहवास होता, नकलांमध्ये बाई येते तीच मरण्यासाठी.

मराठी वाचकाला लग्न झालेला वीर नवा नाही. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत भेटलेल्या वेताळाचे डायनाशी लग्न मूळ वृत्तपत्रमालिकेत १९७७ मध्येच लागले होते. २००४ मध्ये आलेल्या भारतीय स्पायडर-मॅनने तर मुंबईतच घर केले. त्याचा नायक पवित्र प्रभाकर खेड्यातून मुंबईला शिकायला आलेला. त्याला शक्ती मिळते योग्याकडून, गॉब्लिन होतो राक्षस. पण भीम काका, माया काकू आणि मीरा जैन आपापल्या जागी कायम आहेत. त्यांना वगळले असते तर उरला असता तो फक्त धोतरातला कसरतपटू.

पीटर आणि मेरी जेन यांचे लग्न १९८७ मध्ये झाले. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर स्टॅन ली यांच्या उपस्थितीत त्याचा जाहीर सोहळाही झाला. वीस वर्षांनी, २००७ अखेर संपलेल्या 'वन मोअर डे'मध्ये मेफिस्टो हा सैतान मे काकूंच्या प्राणांच्या बदल्यात ते लग्नच जगाच्या आठवणीतून पुसून टाकतो. लग्नामुळे नायक पोक्त होतो, ही संपादकांची अडचण होती. वाचक चिडले आणि त्यांचे बरोबर होते. इथे नात्याची परीक्षाच होत नाही, ते खोडरबराने खोडले जाते. वृत्तपत्रांतल्या दैनिक मालिकेने मात्र २००९ मध्ये काही महिने डळमळून ते लग्न पुन्हा मान्य केले. जानेवारी २०२४ मध्ये जोनाथन हिकमन आणि मार्को केकेटो यांनी नव्या 'अल्टिमेट स्पायडर-मॅन'मध्ये पीटरला मेरी जेनचा नवरा आणि दोन मुलांचा बाप म्हणूनच उभे केले, आणि पहिल्या अंकाच्या प्रती पुन्हा पुन्हा छापाव्या लागल्या.