एजंटला 'क्वेरी लेटर' पाठवताय? पैसे मागितले तर तिथेच थांबा

मराठीत पुस्तक काढायचं तर लेखक सहसा थेट प्रकाशकाकडे जातो. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मात्र बहुतेक मोठे प्रकाशक नवख्या लेखकाचं हस्तलिखित थेट घेत नाहीत. मध्ये लिटररी एजंट लागतो. इंग्रजीत लिहून तिथे छापून यायचं असेल, तर मराठी लेखकालाही हाच रस्ता आहे. आणि या रस्त्याची सुरुवात होते क्वेरी लेटरने.

एजंट करतो काय?

तो तुमचं पुस्तक प्रकाशकांपर्यंत नेतो आणि करार ठरवतो. लेखकाच्या कमाईतून तो साधारण 15 टक्के घेतो, परदेशी हक्कांवर बहुधा 20 टक्के. पुस्तक विकलं गेलं नाही, तर त्यालाही काही मिळत नाही.

पत्रात काय लिहायचं?

क्वेरी लेटर म्हणजे एका पानाचं पत्र, साधारण 250 ते 350 शब्दांचं. त्यात हे हवं:

• एजंटचं नाव आणि त्यालाच का लिहिताय, ते एका ओळीत.
• गोष्ट: मुख्य पात्राला काय हवंय, आड काय येतंय, हरलं तर काय गमवावं लागेल. शेवट सांगू नका.
• पुस्तकाचं नाव, प्रकार, शब्दसंख्या. मोठ्यांसाठीची पहिली कादंबरी बहुधा 80,000 ते 1,00,000 शब्दांची अपेक्षित असते.
• गेल्या काही वर्षांत आलेली एक-दोन मिळतीजुळती पुस्तकं.
• तुमची ओळख, दोन ओळींत.

पाठवण्याआधी

कादंबरी पूर्ण लिहून झालेली हवी. ललितेतर पुस्तकासाठी सहसा प्रस्ताव आणि नमुना प्रकरणं चालतात. प्रत्येक एजन्सीचे नियम तिच्या वेबसाइटवर असतात. कुणी पहिली 10 पानं मागतं, ब्रिटनमध्ये अनेक जण पहिली तीन प्रकरणं आणि कथासार मागतात. एकाच वेळी अनेकांना पत्रं पाठवली तरी चालतं, पण प्रत्येकाला वेगळा ईमेल करा.

'साभार परत' आलं तर?

येणारच. कॅथरिन स्टॉकेट यांच्या 'द हेल्प' या कादंबरीला 60 एजंटांनी नकार दिला होता. 2009 मध्ये ती प्रकाशित झाली, प्रचंड खपली आणि तिच्यावर सिनेमाही आला. दहाएक पत्रांवर एकही होकार आला नाही, तर पुढची पाठवण्याआधी पत्र आणि सुरुवातीची पानं पुन्हा तपासा.

फसवणूक कशी ओळखायची?

हस्तलिखित वाचायला फी, नोंदणीचे पैसे, 'आमच्याच संपादकाकडून दुरुस्त करून घ्या' अशी अट, यातलं काहीही आलं की थांबा. 'असोसिएशन ऑफ अमेरिकन लिटररी एजंट्स' ही संघटना आपल्या सदस्यांना वाचनाची फी घेऊ देत नाही. खऱ्या एजंटांच्या नावाने खोटे ईमेलही येतात. त्यामुळे 'तुमचं पुस्तक आम्हाला आवडलं' असा मेल अचानक आला, तर उत्तर देण्याआधी पाठवणाऱ्याचा पत्ता एजन्सीच्या वेबसाइटवरच्या पत्त्याशी ताडून बघा.

एवढं लक्षात ठेवा: एजंटचे पैसे तुमच्या पुस्तकाच्या कमाईतून जातात, तुमच्या खिशातून नाही.