चाचणीतील काटछाट आणि पुराव्याचा भार : बोरघाट परिसराच्या अनुभवावरून एक विवेचन

प्रस्तावना :

मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या कर्जत स्थानकात थांबतात आणि तेथे त्यांना मागून रेटा देणारी 'बँकर' इंजिने जोडली जातात. हा थांबा प्रवाशांच्या परिचयाचा असतो. कर्जतच्या वड्याने तो लोकप्रियही केला आहे. परंतु घाट उतरणाऱ्या गाडीचे थांबे सहसा कोणाच्या लक्षात राहत नाहीत. खंडाळा सोडल्यानंतर मंकी हिल, ठाकूरवाडी अशा, चढउतार करणारे प्रवासी नसलेल्या ठिकाणी गाडी उभी राहते आणि काही वेळाने पुन्हा निघते. हा थांबा ब्रेकच्या परीक्षेसाठी असतो. पुढच्या उतारावर आपण ताब्यात राहू शकतो, हे गाडीने प्रत्यक्ष थांबून दाखवावे, अशी त्यामागची अपेक्षा असते.

बोरघाट आणि त्याच्या पायथ्याचे कर्जत व खालापूर हे तालुके अभियांत्रिकीच्या दृष्टीने जोखमीचा प्रदेश आहेत. रेल्वेचा घाटमार्ग, खोपोलीचे जलविद्युत केंद्र, द्रुतगती महामार्ग आणि रसायन व पोलाद कारखाने येथे थोड्या अंतरात एकवटलेले आहेत. या परिसराच्या अनुभवाच्या आधारे, सुरक्षा चाचणीत काटछाट का व कशी होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केलेले आहे. चाचण्यांची संख्या किती, यापेक्षा पुराव्याचा भार कोणावर टाकलेला आहे, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

सुरक्षा चाचणी म्हणजे काय? :

कोणतीही रचना काही गृहीतांवर उभी असते. दगड अमुक इतका भार सोसेल, चुना अमुक दिवसांत घट्ट होईल, नळाचा सांधा अमुक दाबाला गळणार नाही, ही ती गृहीते होत. चाचणी म्हणजे ही गृहीते वापरापूर्वी, नियंत्रित परिस्थितीत आणि शक्य तर प्रत्यक्ष भारापेक्षा अधिक भाराखाली पडताळून पाहणे.

खोपोलीचे उदाहरण घेता येईल. टाटांच्या जलविद्युत केंद्रात १९१५ पासून घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी पोलादी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली आणले जाते. पाण्याच्या एवढ्या उंच स्तंभामुळे नळाच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५० किलोग्रॅम दाब येतो. अशा नळांची परीक्षा सामान्यतः जलदाब चाचणीने करतात. नळात पाणी भरून दाब नेहमीच्या दाबापलीकडे नेला जातो. या कामासाठी हवेऐवजी पाणी वापरण्याचे कारणही सुरक्षेचेच आहे. पाणी फारसे दाबले जात नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही. चाचणीत नळ फुटलाच तर पाणी गळते, स्फोट होत नाही. दोष उघडकीस यावा, परंतु त्याची किंमत अल्प असावी, हे चाचणीचे मर्म येथे स्पष्ट होते. चाचणी गाळली म्हणून दोष नाहीसा होत नाही. तो प्रत्यक्ष वापराच्या वेळी, माणसे जवळ असताना प्रकट होतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 'आजवर काही झाले नाही' हे चाचणीचे फलित नव्हे. सुरक्षा गुणांक मोठा असेल तर सदोष रचनाही काही वर्षे उभी राहते. त्या काळात ती सुरक्षित असते असे नाही; तिच्या सहनशक्तीची शिल्लक खर्च होत असते.

बोरघाटाची उभारणी आणि १८६७ ची दुर्घटना :

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या बोरघाट मार्गाचे काम १८५६ च्या प्रारंभी सुरू झाले. कर्जत ते लोणावळा या सुमारे पंधरा मैलांच्या मार्गावर १८३१ फूट चढायचे होते. त्यासाठी पंचवीस बोगदे आणि दऱ्या ओलांडणारे आठ मोठे कमानींचे पूल बांधावे लागले. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या या योजनेत सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ असा होता.

काम पहिल्यापासून ताणाखाली होते. पावसाळ्यात ते जवळजवळ थांबे, म्हणून वर्षाचे काम सुमारे आठ महिन्यांत उरकावे लागे. पहिले कंत्राटदार फॅव्हिएल यांच्या कारकिर्दीत, जानेवारी १८५९ मध्ये, मजुरीच्या प्रश्नावरून मजुरांचा उठाव झाला आणि त्याच वर्षी त्यांनी कंत्राट सोडले. त्यांच्यानंतर आलेले सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालविले. १८६१ च्या सुमारास घाटात चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. पटकी व इतर रोगांनी हजारो मजुरांचा बळी घेतला. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते मार्गाचे उद्घाटन झाले आणि हे काम जगातील एक थोर अभियांत्रिकी पराक्रम म्हणून गौरविले गेले.

त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९ जुलै १८६७ रोजी, भर पावसाळ्यात, इंग्रजी कागदपत्रांत 'म्हाऊ-की-मल्ली' या नावाने नोंदलेला घाटातील कमानींचा पूल कोसळला. निकृष्ट दगडी बांधकामाचा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. या कंपनीच्या मार्गावरील इतर पूलही तपासले गेले आणि अनेक ठिकाणचे बांधकाम दुरुस्त किंवा नव्याने करावे लागले.

दगडी पुलाचे वैशिष्ट्य असे, की त्याची दर्शनी बाजू आणि त्याचा गाभा यांत मोठे अंतर असू शकते. बाहेरून घडीव दगडांची रेखीव रांग दिसते. आत मात्र भरताड आणि कमजोर चुना असू शकतो. दर्शनी दगड गाभ्याशी बांधणारे आडवे लांब दगड पुरेसे आहेत की नाहीत, हे खांब पूर्ण झाल्यावर कळत नाही. म्हणजेच अशा रचनेची खरी परीक्षा थर चढत असतानाच शक्य असते. ती वेळ टळली की पुढची सर्व पाहणी केवळ पृष्ठभागाची होते. ऋतूची घाई, विस्तीर्ण कामावर तोकडी देखरेख आणि ठरलेल्या रकमेत काम बसविण्याचा ताण या तिन्ही गोष्टी ज्या ठिकाणी एकत्र येतात, तेथे हीच वेळ सर्वप्रथम टळते.

उलट्या गृहीताची रचना :

याच घाटात चाचणीविषयीचा दुसरा, अधिक शहाणा विचारही पाहावयास मिळतो. तो म्हणजे 'कॅच सायडिंग'. मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाणारा आणि पुढे संपणारा हा एक लोहमार्ग असतो. ब्रेक निकामी झालेली गाडी त्यावर चढून आपला वेग गमावते. ३७ ला १ अशा उतारावर पूर्णपणे मोकळी सुटलेली गाडी, घर्षण वगळल्यास, स्थिर अवस्थेपासून एका किलोमीटरमध्ये ताशी ८० किलोमीटरहून अधिक वेग घेऊ शकते. हा हिशेब लक्षात घेतला म्हणजे या व्यवस्थेची गरज पटते.

परंतु या रचनेतील खरा विचार रुळांच्या सांध्यात आहे. सांधा मुळात मुख्य मार्गाकडे वळविलेला नसतो. तो कॅच सायडिंगकडे वळविलेला असतो. गाडी ठरलेल्या ठिकाणी येऊन थांबली, तरच तिला मुख्य मार्ग खुला होतो. 'ब्रेक चांगले आहेत' असे येथे कोणी गृहीत धरत नाही. ते चांगले नाहीत असे गृहीत धरून, चांगले असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी गाडीवर टाकलेली आहे. चालक अनुभवी आहे, गाडीला उशीर झाला आहे किंवा काल हीच गाडी सुखरूप उतरली होती, यांपैकी कोणतेही कारण सांधा बदलू शकत नाही.

गाडीच्या हवेच्या ब्रेकची रचनाही याच तत्त्वावर आहे. नळीतील दाब टिकून आहे तोवर ब्रेक सुटलेले राहतात. नळी तुटली की ते आपोआप लागतात. मात्र दोन डब्यांमधील झडप चुकून बंद राहिली तर तिच्या मागच्या डब्यांचे ब्रेक चालकाच्या ताब्यात राहत नाहीत आणि चालकाच्या दाबमापकावर ते सहज दिसत नाही. म्हणून शेवटच्या डब्यापर्यंत दाब पोहोचतो की नाही, हे तेथील दाबमापकावर पाहावे लागते. ही काही मिनिटांची चाचणी गाळली तर सर्व दिवस काही बिघडणार नाही; एखाद्या दिवशी मात्र सर्वच बिघडेल.

काटछाटीचे तीन प्रकार :

(१) वेळेची काटछाट : पुण्याजवळील पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले व त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही गेले. धरणाची सर्व कामे पूर्ण झालेली नसताना त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठविण्यात आले होते. अपूर्ण रचनेवर पूर्ण भार आला. चाचणीसाठी राखलेला काळ हा वेळापत्रकातील मोकळा काळ समजला गेला, की असा प्रसंग ओढवतो.

(२) औपचारिकतेची काटछाट : येथे चाचणी झालेली असते, परंतु तिचा आशय हरवलेला असतो. रायगड जिल्ह्यातच महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. दोन एस. टी. बसगाड्या व इतर वाहने नदीत गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य असल्याचे कळविण्यात आले होते. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी कोसळला, तेव्हा त्याच्याही संरचनात्मक तपासणीत तो किरकोळ दुरुस्तीसह वापरण्यास योग्य ठरलेला होता. पाहणी आणि चाचणी यांतील भेद येथे महत्त्वाचा आहे. उन्हाळ्यात काठावरून कमानी पाहणे ही पाहणी होय. पुराचा प्रवाह पायाखालची माती किती खरवडतो याचा शोध घेणे ही परीक्षा होय. पहिलीच्या आधारे दुसरीचे प्रमाणपत्र देता येत नाही.

(३) पुराव्याच्या भाराची अदलाबदल : हा प्रकार सर्वांत सूक्ष्म आहे. अमेरिकेचे चॅलेंजर अंतराळयान २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले व सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. आदल्या रात्री रॉकेट बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी थंडीत रबरी कड्या नीट काम करणार नाहीत अशी भीती व्यक्त करून उड्डाणास विरोध केला होता. त्यापूर्वीच्या उड्डाणांत या कड्यांची झीज दिसलेली होती, परंतु यान परत येत राहिल्याने ती 'चालण्याजोगी' मानली जाऊ लागली. समाजशास्त्रज्ञ डायेन व्हॉन यांनी १९९६ मध्ये या प्रवृत्तीला 'विचलनाचे सामान्यीकरण' म्हटले. त्या रात्रीच्या चर्चेत उड्डाण सुरक्षित असल्याचे दाखविण्याऐवजी, ते असुरक्षित असल्याचे निर्विवादपणे सिद्ध करण्याची अपेक्षा अभियंत्यांकडून केली गेली. रुळांचा सांधा जणू कॅच सायडिंगकडून मुख्य मार्गाकडे वळविला गेला. उपलब्ध माहिती तीच होती. केवळ गृहीत बदलले होते.

खालापूरचे औद्योगिक वर्तमान आणि कायदा :

भोपाळच्या १९८४ मधील वायुदुर्घटनेनंतर भारतीय कायद्याने हे गृहीत काही प्रमाणात सुधारले. धोकादायक रसायनांसंबंधीच्या १९८९ च्या नियमांनी, आपल्या कारखान्यातील मोठ्या अपघाताचे धोके ओळखले असून त्यांवर पुरेशी उपाययोजना केली आहे, हे पुराव्यानिशी दाखविण्याची जबाबदारी कारखाना चालविणाऱ्यावर टाकली. आपत्कालीन योजनेची रंगीत तालीमही बंधनकारक झाली. खोपोली-खालापूर पट्ट्यासारख्या, वस्ती, महामार्ग आणि कारखाने शेजारी शेजारी असलेल्या भागात या तरतुदींचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. परंतु नियमाने भार योग्य जागी ठेवला तरी व्यवहारात तो पुन्हा सरकू शकतो. तालमीची वेळ सर्वांना आधी ठाऊक असणे, भोंगा वाजताच छायाचित्र काढून कागद पूर्ण करणे किंवा प्रयोगशाळेसाठी वेगळ्या, उत्तम मिश्रणाचे काँक्रीटचे क्यूब भरणे, ही त्याची परिचित रूपे होत.

प्रत्येक वस्तूची अनंत चाचणी करता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. चाचणीला पैसा व वेळ लागतो आणि तोही समाजाचाच असतो. म्हणून निकष परिणामांच्या स्वरूपावर ठरवावा लागतो. चूक परतविण्याजोगी असेल तर अनुभवातून शिकण्यास वाव असतो. पूल, धरण, रसायनांची टाकी किंवा घाटातील गाडी यांबाबत चूक परतविता येत नाही आणि तिची किंमत निर्णय घेणाऱ्यांना नव्हे, तर इतरांना मोजावी लागते. अशा ठिकाणी संशयाचा फायदा रचनेला न देता माणसांना दिला पाहिजे.

समारोप :

या विषयाचा महाविद्यालयांशी असलेला संबंध दूरचा नाही. विज्ञान व अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिकांत अपेक्षित उत्तर आधी पाहून निरीक्षणे मागाहून लिहिण्याची सवय विद्यार्थ्यास लागते, तेव्हा तो चाचणीतील काटछाटीचा पहिला धडा शिकत असतो. जर्नलमधील आकडे जुळले म्हणून गुण मिळतात आणि न जुळलेले प्रामाणिक निरीक्षण 'चुकीचे' ठरते. पुढे हाच विद्यार्थी एखाद्या पुलाच्या तपासणी अहवालावर स्वाक्षरी करणार असतो. न जुळणाऱ्या निरीक्षणाचे कारण शोधण्यास गुण देणे, हा त्यावरील साधा व शिक्षकांच्या हाती असलेला उपाय आहे. महाविद्यालयाच्या इमारतीतील अग्निशामक नळकांडी, प्रयोगशाळेतील गॅसजोडणी, उद्वाहन यांची तपासणी नोंदवहीपुरती होते की प्रत्यक्ष, हेही विद्यार्थी पाहत असतात.

१८६७ मध्ये कोसळलेला पूल आणि आजही ब्रेक सिद्ध करण्यासाठी थांबणारी गाडी, ही दोन्ही उदाहरणे एकाच घाटातील आहेत. पुलाबाबत तो भक्कम असल्याचे गृहीत धरले गेले आणि परीक्षा पावसावर सोडली गेली. गाडीबाबत काहीही गृहीत धरले जात नाही; म्हणून तिला रोज उशीर होतो आणि ती रोज कर्जतला पोहोचते.