कऱ्हाकाठचं हिमयुग

कऱ्हा, नीरा, भीमा. बारामती-इंदापूरच्या या नद्या पावसाच्या. हिमयुग कितीही कडक झालं तरी सह्याद्रीवर हिमनद्या आल्या नाहीत, त्यामुळे वितळलेला बर्फ या पात्रांनी कधी पाहिलाच नाही. तरीही हिमयुगानं त्यांना घडवलं, आणि ते चक्क पाऊस कमी करून!

सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी थंडी टोकाला पोचली होती. उत्तर अमेरिकेवर आणि उत्तर युरोपावर बर्फाचे प्रचंड थर होते, समुद्र सुमारे १२० मीटर खाली गेला होता. गार समुद्रावरून वाफ कमी उठे, मान्सून दुबळा झाला. अशक्त नदीला गाळ पुढे रेटवत नाही. डोंगरउतारावरून आलेली माती ती वाटेतच टाकते. खोरी भरत गेली. पुढे हवा तापली. अमेरिकेत बर्फाचे बांध फुटले आणि मिसूला तळ्याच्या पुरांनी खडक कोरून काढला. आपल्याकडे कोरायला आला तो पाऊस. सुमारे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी मान्सून पुन्हा बळावला आणि नद्यांनी आपणच टाकलेला गाळ कापायला घेतला. विश्वास काळे आणि शरद राजगुरू यांनी १९८७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दख्खनच्या नद्यांची ही भरण्या-कापण्याची कहाणी मांडली. नदीकाठी दिसणाऱ्या, चुनखडीचे खडे मिसळलेल्या पिवळसर मातीच्या कितीतरी उंच दरडी हा त्या कापणीतून उरलेला भाग आहे.

मोरगावला तर कऱ्हा याहूनही मागे नेते. मयूरेश्वराच्या या गावाजवळ नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. दख्खनचे ज्वालामुखी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंडावले. ही राख आली तीन हजार किलोमीटरांहून दूरच्या, सुमात्रातल्या टोबाहून! तीही वाऱ्यावर. टोबा मात्र एकदाच फुटला नाही. राख ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची, की सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीच्या? यावर अभ्यासकांत वाद आहे. इथल्या गाळात काहींना उलट्या चुंबकीय दिशेची खूण सापडली. पृथ्वीचं चुंबकत्व शेवटचं उलटं होतं ते ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. म्हणून ते जुन्या स्फोटाकडे बोट दाखवतात.

हा वाद केवळ राखेपुरता नाही. त्याच गाळात माणसानं घडवलेल्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत. राखेचं वय ठरलं, की कऱ्हाकाठी माणूस केव्हापासून वावरतो आहे तेही बरंचसं ठरेल.