अल्बाकोरच्या मागावर: आमिषाचे रंग आणि दोऱ्यांची मांडणी

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओरेगॉन राज्यात, जुलै लागला की न्यूपोर्टसारख्या बंदरांतली मासेमारीच्या सामानाची दुकानं नकली आमिषांनी भरून जातात. जांभळी, हिरवी, गुलाबी, लाल-पिवळी. भिंतभर रबरी झालरी लटकत असतात. पोर्टलंडजवळच्या हिल्सबरो-बीव्हर्टन भागात बरीच मराठी कुटुंबं राहतात, आणि न्यूपोर्ट तिथून गाडीनं अडीच-तीन तासांवर आहे. तेव्हा एखाद्या उन्हाळ्यात आपणही या भिंतीसमोर उभे राहाल. पहिला प्रश्न मनात येईल, ‘कुठला रंग घेऊ?’ माझं सांगणं असं, की हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारावा. त्याआधी पाणी, वेग आणि मांडणी या तीन गोष्टी जमल्या पाहिजेत. त्या जमल्या नाहीत, तर कुठलाही रंग कामाला येत नाही.

आधी माशाची ओळख. अल्बाकोर हा ट्यूनाच, म्हणजे आपल्या कोकणातल्या कुपा आणि गेदरच्या नात्यातला. छातीजवळचे त्याचे पर लांबलचक असतात, ती त्याची खूण. ओरेगॉनसमोर येतात ती बहुतेक तरुण, दोन ते चार वर्षांची मासळी. वजन साधारण सात ते बारा किलो. अमेरिकेत डब्यावर ‘व्हाइट मीट’ ट्यूना असं लिहायची परवानगी फक्त याच जातीला आहे.

पाणी शोधणं

अल्बाकोरला साधारण 58 ते 64 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे साडेचौदा ते अठरा अंश सेल्सियस पाणी मानवतं. या किनाऱ्याजवळ मात्र उन्हाळ्यातही पाणी त्याहून थंड असतं. उत्तरेचे वारे वाहतात, वरचं पाणी समुद्रात लांब ढकललं जातं आणि त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं. ते खतानं भरलेलं असल्यानं त्यात सूक्ष्म वनस्पती माजतात आणि पाणी हिरवं दिसतं. ट्यूना असतो त्याच्या पलीकडच्या उबदार, निळ्या पाण्यात. वारा पडला की निळं पाणी किनाऱ्याजवळ सरकतं, जोरात वाहू लागला की दूर जातं. म्हणून कधी वीस मैलांवर मासा मिळतो, कधी पन्नासवर.

उपग्रहानं घेतलेले पाण्याच्या तापमानाचे नकाशे आदल्या रात्री पाहून ठेवावेत. समुद्रात गेल्यावर आपण शोधायची ती सीमारेषा: जिथं थोड्याच अंतरात तापमान एखाद-दोन अंशांनी चढतं आणि हिरवा रंग निळ्यात बदलतो. तिथंच बारीक मासळी जमते. पक्षी एका जागी घिरट्या घालत असतील, पाण्यातून मासे उसळत असतील, तर तिकडे जावं. पण थव्याच्या मधून बोट घालू नये, कडेनं न्यावी.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण ती जिवाशी गाठ आहे. या बंदरांच्या तोंडाशी वाळूचा उथळ पट्टा असतो, त्याला ‘बार’ म्हणतात. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून मोठ्या लाटा आल्या, की बारवर लाट उभी राहून फुटते. तटरक्षक दल बारची स्थिती कळवतं आणि गरज पडली तर तो बंदही करतं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं स्वतःची बोट न नेता परवानाधारक कप्तानाच्या बोटीवरच जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेग

चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेण्याला ट्रोलिंग म्हणतात. अल्बाकोरसाठी वेग साधारण सहा ते सात नॉट ठेवतात. एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर.

नवखा माणूस इथं आकड्यावर विसंबतो. पण यंत्रावर दिसणारा जीपीएसचा वेग जमिनीच्या हिशेबानं असतो, आमिषाला मात्र पाण्यातला वेग जाणवतो. प्रवाहाच्या विरुद्ध जाताना आणि प्रवाहाबरोबर जाताना तोच आकडा दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. म्हणून डोळे आमिषावर ठेवावेत. नीट चाललेलं आमिष पाण्याच्या वरच्या थरात राहतं, मध्येच वर येऊन हवा घेतं आणि बुडबुड्यांची शेपटी सोडत पुन्हा खाली जातं. ते सारखं पाण्याबाहेर उडत असेल, तर बोट फार जोरात आहे. बुडबुडे न सोडता नुसतंच फरफटत असेल, तर हळू आहे.

मांडणी

बोटीमागे एकाच वेळी सोडलेल्या सगळ्या दोऱ्यांची जी रचना, तिला ‘स्प्रेड’ म्हणतात. आपण छोट्या बोटीवरच्या पाच दोऱ्या धरून चालू.

बोटीच्या मागच्या दोन कोपऱ्यांवर दोन आखूड दोऱ्या, तीस ते पन्नास फुटांवर. त्यांच्या बाहेरच्या बाजूंना दोन, सत्तर ते नव्वद फुटांवर. आणि अगदी मधोमध एक लांब, सव्वाशे ते दीडशे फुटांवर. पाण्यात सोडताना सगळ्यांत लांबची आधी सोडावी, मग बाहेरच्या आणि शेवटी कोपऱ्यांच्या. काढताना उलटा क्रम. एवढं पाळलं तरी अर्धे गुंते टळतात.

बोटीला मासा घाबरेल म्हणून सगळीच आमिषं लांब सोडणं, ही सर्वांत नेहमीची चूक. अल्बाकोर बोटीला बिचकत नाही. पंख्यानं घुसळलेलं फेसाळ पाणी त्याला उलट जवळ ओढतं असा इथल्या मच्छीमारांचा अनुभव आहे. तीस फुटांवरच्या दोरीला पहिला मासा लागणं अगदी रोजचं. मात्र आमिष त्या पांढऱ्या फेसाच्या ऐन मधोमध असू नये, तिथं ते दिसतच नाही. फेसाच्या कडेला, स्वच्छ पाण्याच्या पट्ट्यात ते यावं. बोटीमागं लाटांच्या ओळी उठतात, त्यांच्या बोटीकडच्या उतारावर आमिष बसलं की उत्तम. त्यासाठी दोरी चार-पाच फूट आत-बाहेर करून पाहावी. फुटांचा आकडा हा सुरुवात करण्यापुरता असतो, शेवटी जागा डोळ्यांनीच ठरवायची.

जड किंवा खोल जाणारी आमिषं जवळ आणि हलकी लांब ठेवावीत. वळताना मोठा वळसा घ्यावा. वळणावर आतल्या बाजूची आमिषं मंदावून थोडी खाली जातात आणि बाहेरच्यांचा वेग वाढतो. मासा नेमका वळणावर आणि आतल्या दोरीला लागला, तर आपण कदाचित जास्त जोरात चाललो आहोत. बाहेरच्या दोरीला लागला, तर वेग थोडा वाढवून पाहावा. हे एका माशावरून ठरत नाही, पण दोन-तीनदा तसंच झालं तर लक्ष द्यावं.

आणि गवत! गळाला शेवाळाचा एक धागा जरी अडकला, तरी मासा त्या आमिषाकडे ढुंकून पाहत नाही. लांबची दोरी दिसत नाही म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. कोणी तरी एकानं पाळीपाळीनं सगळ्या दोऱ्या ओढून पाहाव्यात. आमिष गरगर फिरून तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, पिळली जात असेल, तर मध्ये चांगल्या प्रतीची फिरकी लावावी.

आकार

इथला अल्बाकोर खातो ती मासळी म्हणजे मांदेलीच्या कुळातली अँकोव्ही, तारलीच्या जातीची सार्डीन, सॉरी नावाचे लांबट मासे आणि लहान माकूळ. आमिषाची लांबी यांच्याशी जुळावी. चार ते सहा इंच बहुतेक वेळा पुरतात. पहिला मासा बोटीवर आला की त्याचं पोट तपासावं. आत दोन-तीन इंचांचीच मासळी निघाली, तर पुढची आमिषं लहान लावावीत. दुकानातल्या कोणत्याही सल्ल्यापेक्षा हा पुरावा मोठा.

आता रंग

समुद्राचं पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषून घेतं आणि निळा सर्वांत शेवटी. ‘पण आपलं आमिष तर पृष्ठभागालाच आहे, तिथं लाल दिसेलच की,’ असं वाटेल. आमिषावर लाल प्रकाश पडतो, हे खरं. पण तिथून तो माशाच्या डोळ्यापर्यंत पाण्यातूनच जायचा असतो, आणि आडवं अंतरही अंतरच आहे. काही मीटरांवरून पाहणाऱ्याला तो लाल काळपट होऊनच दिसतो.

त्यात माशाचा डोळाही वेगळा. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पिवळ्या पराच्या ट्यूनाचे डोळे तपासले होते. रंग टिपणाऱ्या त्याच्या पेशी जांभळ्या आणि निळ्या-हिरवट प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देणाऱ्या निघाल्या. लालसाठी वेगळी सोय नव्हती. आणि आपल्याला जवळची वाटेल अशी एक गोष्ट: 1968 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हवाईत केलेल्या एका प्रयोगात ट्यूनाच्या ज्या दोन जातींची नजर मोजली होती, त्यांतली एक म्हणजे आपल्या कोकणात जाळ्यात येणारा कुपा. माशांना पट्ट्यांची चित्रं ओळखायला शिकवून ही मोजणी केली होती. बारीक तपशील टिपण्याची त्यांची ताकद माणसापेक्षा बरीच कमी भरली, आणि उजेड कमी झाला की ती आणखी घटते.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की आमिषावर रंगवलेले खवले आणि चकाकते डोळे यांसाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. दुरून येणाऱ्या माशाला दिसते ती आकृती आणि तिचा उठाव. मासा खालून वर पाहतो. मावळतीच्या आभाळावर घार जशी काळीभोर उठून दिसते, तसं मंद उजेडात गडद आमिष त्याला दिसतं. म्हणूनच पहाटे, संध्याकाळी आणि दाट ढगांत काळा-जांभळा लावायची इथली रीत आहे. ऊन चढलं की हिरवा-पिवळा, निळा-पांढरा आणि गुलाबी असे उजळ रंग काढतात. हिरव्या-पिवळ्याला दुकानात ‘झुकिनी’ म्हणतात. लाल, पिवळा आणि हिरवा एकत्र असलेला तो ‘मेक्सिकन फ्लॅग’. ही रीत पिढ्यांच्या अनुभवातून आली आहे आणि माशाच्या नजरेबद्दल जे कळलंय त्याच्याशी जुळते. पण तो नियम नव्हे. पहाटे गुलाबीला मासा लागलेलाही पुष्कळांनी पाहिला आहे.

ज्यांना रंगाचा फारच घोर असतो, त्यांनी सीडर प्लग नावाचं आमिष हातात घेऊन पाहावं. शिशाचं डोकं, मागे सीडरच्या लाकडाचा निमुळता तुकडा, शेवटी गळ. रंग नाही, झालर नाही, पुष्कळदा नुसतं कोरं लाकूड. पाण्यात ते घाबरून सैरावैरा पळणाऱ्या माशासारखं हलतं, आणि तेवढ्यावर अल्बाकोर त्याच्यावर झडप घालतो. पाचांपैकी एका दोरीला हे नेहमी असावं. लांबच्या मधल्या दोरीवर तर फारच छान चालतं.

सुरुवात मिसळ ठेवून करावी: दोन गडद, दोन उजळ आणि एक सीडर प्लग. मग मासा बोलेल. लोक चुकतात ते यानंतर. मधल्या लांब दोरीवरच्या जांभळ्याला दोन मासे लागले, की झटपट पाचही जांभळी लावली जातात. पण मासा जांभळ्याला आला की त्या जागेला? हे कळायचा एकच मार्ग आहे. ते जांभळं आमिष बाहेरच्या दोरीवर न्यावं आणि मध्ये उजळ लावावं. पुढचा मासा जांभळ्यालाच लागला, तर रंगाला थोडं श्रेय द्यावं. मधल्या दोरीलाच लागला, तर श्रेय जागेचं. रंग पटलाच, तरी सगळ्या दोऱ्या बदलू नयेत. तीन बदलाव्यात आणि दोन तशाच ठेवाव्यात, म्हणजे उजेड बदलल्यावर मासा कुठं वळतोय ते कळतं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वेग, अंतर आणि रंग तिन्ही एकदम बदलले, तर मासा लागूनही आपल्या हाती काही ज्ञान येत नाही.

तासभर काहीच लागलं नाही, तर आमिषांच्या पेटीकडे हात नेऊ नये. आधी गवत पाहावं, मग वेग, मग पाण्याचं तापमान. बहुतेक वेळा उत्तर तिथंच असतं: आपण हिरव्या, थंड पाण्यात शिरलेलो असतो.

मासा लागल्यावर

अल्बाकोर थव्यानं फिरतो. एका दोरीला ओढ बसली की बोट लगेच थांबवू नये. थोडा वेळ तशीच पुढं जाऊ द्यावी, त्यात आणखी एक-दोन दोऱ्यांना मासे लागतात. त्याच वेळी यंत्रावर जागेची खूण करून ठेवावी आणि नंतर तिथूनच पुन्हा फेरी घ्यावी. हातानं ओढायची दोरी असेल, तर ती बोटांना किंवा मनगटाला कधीही गुंडाळू नये. हातात जाड मोजे असावेत आणि काढलेली दोरी पायाखाली न येता डब्यात पडावी.

मासा वर आला की लगेच कल्ल्याजवळ छेद देऊन रक्त वाहू द्यावं आणि मग बर्फ व समुद्राचं पाणी यांच्या लगद्यात तो पुरता बुडवावा. ट्यूनाचं अंग भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम असतं, आणि झुंज देऊन ते आणखी तापतं. नुसत्या बर्फावर ठेवलेला मासा आतून लवकर गार होत नाही, मांसाची चव जाते, आणि उष्ण राहिलेल्या ट्यूनात हिस्टामिन तयार होऊन खाणाऱ्याला बाधाही होऊ शकते. मासे किती धरता येतात आणि परवाना कुठला लागतो, ते निघण्यापूर्वी ओरेगॉनच्या मत्स्य विभागाच्या चालू वर्षाच्या नियमांत पाहून घ्यावं.

घरी आल्यावर आमिषं गोड्या पाण्यानं धुऊन, वाळवून, गडद आणि उजळ वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावीत. रबरी झालरींचा रंग एकमेकींना लागतो, आणि पुढच्या जुलैत पेटी उघडली की गुलाबी झालर जांभळी झालेली निघते.