डॉक्टर घडवणाऱ्यांना विसावा केव्हा?

आपल्या जिल्ह्यात मेडिकल कॉलेज व्हावे, असे आपण सिंधुदुर्गकर कितीतरी वर्षे म्हणत होतो. दुखणे बळावले की पेशंटला गाडीत घालायचे आणि गोव्यातली बांबोळी गाठायची, ही आपली सवय. २०२१-२२ पासून ओरोसला १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आपल्या मुलामुलींना घराजवळ डॉक्टर होण्याची वाट मिळाली.

पण या मुलांना शिकवणाऱ्या डॉक्टरांचा दिवस कसा जातो, हे आपण सहसा विचारत नाही. आम्ही शाळेत शिकवतो. परीक्षेनंतर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आले की आमच्याही घरात कुरकूर होते. वैद्यकीय प्राध्यापकांचे याहून कठीण. सकाळी ओपीडी आणि वॉर्ड, मग वर्ग, रात्री तातडीचा फोन. शिवाय बढतीसाठी शोधनिबंध लिहायचे. माणूस एक, कामे तीन! त्यात काही पदे रिकामी असली की त्यांचा भारही उरलेल्यांवरच पडतो.

या दमणुकीला 'बर्नआउट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट केले, की हा आजार नव्हे. कामाचा ताण सतत साचत गेल्याचा तो परिणाम आहे. त्याच्या खुणा तीन : अंगातले त्राण जाणे, कामाबद्दल मन विटणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. म्हणजे अशा माणसाला 'जरा धीर धर' एवढेच सांगून भागत नाही. कामाचा भारच कमी व्हायला हवा.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटानेही २०२४ मध्ये हा प्रश्न हाती घेतला. त्याच्या पाहणीत विद्यार्थ्यांबरोबर ७,०३५ अध्यापकही सहभागी झाले होते. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको, एक सुट्टी हवी आणि रोज सात-आठ तास झोप मिळावी, अशी शिफारस या गटाने केली. ७४ तास ही कमाल मर्यादा, यावरूनच प्रत्यक्षात किती काम होत असेल ते समजावे.

रिकामी पदे भरणे सरकारच्या हाती आहे आणि ती मागणी आपण लावून धरली पाहिजे. पण घर आपल्या हाती आहे. आपल्या समाजातल्या मुली आता डॉक्टर होत आहेत, याचा आपल्याला अभिमान वाटतो. मात्र तीच मुलगी सून होऊन रात्रपाळीवरून परतली, की तिने लगेच चुलीपुढे उभे राहावे, अशी अपेक्षा आपणच करतो. ईदच्या दिवशी तिची ड्युटी लागली तर टोमणेही आपणच मारतो.

ती दाराशी आली की आधी तिला चहा द्यावा आणि निवांत झोपू द्यावे. मुलांचा अभ्यास अब्बांनी घ्यावा, भाजी दिराने चिरावी. दिवसभर दुसऱ्यांची नाडी पाहणाऱ्याची विचारपूस निदान घरात तरी व्हायला हवी.