‘सेफ्टी टँक’मधली सेफ्टी कुणाची?

सेप्टिक टँकला आपल्याकडे सर्रास ‘सेफ्टी टँक’ म्हणतात. गवंडी म्हणतो, घरमालक म्हणतो आणि त्यात उतरणारा माणूसही तेच म्हणतो. सेप्टिक या शब्दाचे मूळ कुजण्याशी जोडलेले आहे. जिभेला तो शब्द परका वाटला म्हणून लोकांनी ओळखीचा शब्द त्याच्या जागी बसवला. बोलीत असे होतच असते, त्यात हसण्यासारखे काही नाही. पण आम्ही या शब्दापाशी थांबतो, कारण जिचे नाव सेफ्टी त्याच टाकीत माणसे मरतात.

बंद टाकीत मैला कुजतो, हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतात. झाकण काढून खाली उतरलेला माणूस काही श्वासांतच कोसळू शकतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही परत येत नाही. दुसऱ्या दिवशी बातमी येते की कामगारांनी ‘सुरक्षा साधने वापरली नव्हती’. हे वाक्य नीट वाचा. साधने दिली नव्हती असे त्यात नाही, वापरली नव्हती असे आहे! म्हणजे मेला तोही कामगार आणि दोषीही कामगारच.

मग ही सेफ्टी कुणाची? ज्याच्या घराची घाण नजरेआड झाली त्याची. ज्याने ती उपसली त्याची नव्हे.

हा हिशेब आजचा नाही. गावगाड्यात महार हा वेसकर होता. रात्री तो जागायचा, वेशीवर पहारा द्यायचा, परक्या माणसाची चौकशी करायचा. त्याच्या भरवशावर गाव निर्धास्त झोपायचे. आणि वेसकराचे स्वतःचे घर कुठे होते? वेशीबाहेर! दरोडा आला तर पहिला घाव महारवाड्यावर. ज्याच्या जिवावर गाव सुरक्षित, तोच सुरक्षेच्या बाहेर. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. वेशीची रीत मात्र गेली नाही.

ती आता शहरात राहायला आली आहे. भाड्याने घर बघायला गेले की एजंट सांगतो, ‘सोसायटी एकदम सेफ आहे, सगळे आपलेच लोक आहेत.’ मग हळूच आडनाव विचारतो. आडनाव सांगितले की घर ‘कालच गेलेले’ असते. येथे सेफ म्हणजे चोरांपासून नव्हे, आमच्यापासून! त्याच सोसायटीच्या दारावर रात्रभर उभा राहणारा वॉचमन, चोकअप काढायला येणारा सफाई कामगार कोणत्या वस्तीतून येतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

बाबासाहेबांनी संरक्षण हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरला. १९३० साली पहिल्या गोलमेज परिषदेला ते गेले आणि अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची योजना त्यांनी तेथे मांडली. त्या योजनेतली पहिली अट होती समान नागरिकत्वाची. आम्हाला सांभाळा, आमच्यावर दया करा, असा तो अर्ज नव्हता. आमचे हक्क मान्य करा आणि ते तुडवणाऱ्याला शिक्षा करा, अशी ती मागणी होती. दयेने मिळालेले संरक्षण देणाऱ्याच्या मर्जीवर टिकते. हक्काचे संरक्षण कायद्यावर टिकते, आणि कायदा टिकतो तो जागत्या समाजावर.

म्हणून आम्हाला २०१३ चा हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा कायदा महत्त्वाचा वाटतो. संरक्षक साधने देण्याची आणि खबरदारी पाळली जाते की नाही हे पाहण्याची जबाबदारी या कायद्याने काम करवून घेणाऱ्यावर टाकली आहे. ती न पाळता माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मग ‘वापरली नव्हती’ हे वाक्य कायद्यातही बसत नाही!

गटारात मेलेल्याच्या वारसांना दहा लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ती रक्कम तीस लाख झाली. ती प्रत्येक घरात पोहोचलीच पाहिजे. पण ती मरणानंतरची भरपाई आहे. भरपाईला सुरक्षा म्हणण्याची चूक आपण करू नये.

आमचे म्हणणे एवढेच. यापुढे अशी बातमी वाचली की आपल्या कार्यकर्त्यांनी श्रद्धांजलीच्या फलकावर थांबू नये. पोलीस ठाण्यात जावे आणि विचारावे, कामगाराला खाली कुणी उतरवले? ठेका कुणाचा होता? २०१३ च्या कायद्याचे कलम लावले का? आणि घरीदारी कुणी ‘सेफ्टी टँक’ म्हणाले, तर त्यालाही एक प्रश्न जरूर विचारावा: सेफ्टी कुणाची?