चाकांवरच्या घराला कडी-कुलूप

न्यूझीलंडमध्ये कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली तेव्हा वाटलं, हॉटेलचा खर्च वाचला, आता मज्जाच मज्जा! क्राइस्टचर्चहून निघून तिसऱ्या दिवशी ट्रेकवरून परतलो, तर खिडकीची काच फुटलेली आणि लॅपटॉपची बॅग गायब. त्यात ऑफिसचं सहा महिन्यांचं काम! बॅग सीटवर ठेवणारी मीच. विमा कंपनीनेही हात वर केले. म्हणे, गाडीत दिसेल असं ठेवलेलं सामान पॉलिसीत बसत नाही.

तेव्हापासून आपले नियम पक्के. पासपोर्ट आणि कार्डं कायम अंगावर. सामान लपवायचं ते पार्किंगला पोहोचण्याआधीच, कारण बघणारा तिथेच बसलेला असू शकतो. स्टिअरिंगला बाहेरून दिसेल असं जाडजूड लॉक. रात्रीचा मुक्काम चार माणसं असलेल्या कॅम्पसाइटवरच. व्हॅन स्वतःची असेल, तर सरकत्या दाराला जादा कुलूप, आत लपवलेला जीपीएस ट्रॅकर आणि चॅसीला बोल्टने पक्की केलेली छोटी तिजोरी.

कुलूप तुटतं हो, पण तोडायला वेळ लागतो. आणि चोराकडे नेमका तोच नसतो!